बांगड्यांच्या गाळ्याची हर्राशी

हुमनाबादच्या बसस्टँडवर माझ्या वहिनीचा बांगड्यांचा गाळा आहे. गाळा कसला, एक शटर, एक फळी आणि बसायला एक स्टूल. पण आजूबाजूच्या गावांतल्या बायकांना तो डोळे मिटूनही सापडतो. बसमधून उतरायचं, मुतारीचा वास चुकवत डावीकडे वळायचं, वहिनीसमोर हात धरायचा. वहिनी माप विचारत नाही. हात दाबून बघते आणि डबा काढते. माझा भाऊ लॉरीवर असतो, आज पुण्याकडे तर उद्या हैदराबादकडे, त्यामुळे घर आणि गाळा दोन्ही तिच्याच अंगावर.

हे गाळे दर काही वर्षांनी लिलावाने दिले जातात. आमच्याकडे लिलाव कुणी म्हणत नाही, हर्राशी म्हणतात. पूर्वी ही हर्राशी बसस्टँडच्या मागच्या मोकळ्या जागेत व्हायची. साहेब टेबलावर कागद पसरून बसायचे, शिपाई 'एक बार, दो बार' ओरडायचा, आणि भोवती चहा पीत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे असायचे. जो आधीपासून गाळ्यात बसलाय त्याच्यावर बोली चढवणं वाईट समजलं जाई. पण एकच माणूस बोलला तर साहेब हर्राशी पुढे ढकलायचे, म्हणून शेजारचं कुणीतरी एक-दोन वेळा सोबतीला बोलायचं. वहिनीच्या सोबतीला समोरचे फुलवाले अण्णा असायचे. वहिनीने डोक्यावर पदर घेतला की पुरे, असं ठरलेलं. पदर वर गेला की अण्णा गप्प व्हायचे आणि गाळा वहिनीचा. कायद्यात हे कितपत बसायचं मला माहीत नाही, मी कधी विचारलंही नाही.

या सोबतीचा एक रिवाज होता. त्याबद्दल आधी बोलायचं नाही आणि नंतर आभार मानायचे नाहीत. बोललं की उपकार होतो, आणि उपकार झाला की फेडावा लागतो. वहिनी आणि अण्णा इतकी वर्षं समोरासमोर बसतात, रोज बसच्या वेळांवरून भांडतात, पण या विषयावर त्यांच्यात कधी एक शब्द झाल्याचं मी ऐकलं नाही.

यंदा हर्राशी ऑनलाइन झाली.

माझं तालुक्याच्या कचेरीसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे, त्यामुळे वहिनीचं सगळं माझ्याकडे आलं. नोंदणी केली, अनामत भरली, नियम वाचून दाखवले. नाव कुणाचंच दिसणार नाही, फक्त क्रमांक दिसेल. आणि शेवटच्या क्षणी कुणी बोली लावली तर वेळ आपोआप वाढेल, म्हणजे दबा धरून बसायचा काही उपयोग नाही. हे ऐकून वहिनीने आपला शेवटचा आकडा ठरवला. बांगड्या विकून जेवढं भाडं निघतं तेवढाच. मी म्हटलं, थोडा वर ठेवू या, ऐनवेळी कमी पडायला नको.

"न्हाई," ती म्हणाली. "डोकं थंड असताना ठरवलंय. तुझं डोकं तापलं की तू माझं घर विकशील."

माझ्या डोक्याबद्दल आमच्या घरात सगळ्यांचं हेच मत आहे. खोटं आहे असं म्हणता येत नाही.

हर्राशीच्या दिवशी दुपारी वहिनीने गाळा बंद केला आणि माझ्या दुकानात येऊन बसली. मी शटर अर्धं ओढलं. स्क्रीनवर आमचा क्रमांक दोन. आमची पहिली बोली गेली आणि मी चहा सांगायला वळले, तेवढ्यात क्रमांक चार उगवला. नियमात बसेल तेवढीच, सगळ्यात लहान पायरी चढून.

कोण असेल हा चार? माझ्या डोळ्यांसमोर लगेच एक माणूस उभा राहिला. कलबुर्गीचा, मोबाइलच्या कव्हरांचा धंदेवाला, अंगठ्या घातलेला. वहिनीच्या गाळ्यात लाल-निळे दिवे लावून गाणी वाजवणारा. मी त्याला घाबरवायला एकदम मोठी उडी मारली. वहिनीने माझ्या मनगटावर चापट मारली.

"उड्या कामून मारायलीस? लहान लहान जा. आपल्याला त्याला हरवायचं न्हाई, गाळा पायजे."

माझी मोठी उडी वाया गेलीच. चार शांतपणे पुन्हा एक लहान पायरी चढला. मग मीही लहान पायऱ्यांवर आले. आम्ही एक, तो एक. तिसरं कुणी बोलतच नव्हतं. वेळ संपत आली की तो बोली लावायचा, घड्याळ पुन्हा मागे जायचं. मला त्याचा इतका राग आला की तोंड दिसलं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते. तोंडच नव्हतं. एका आकड्यावर किती रागवायचं? तरी मी रागवले.

आमचा ठरलेला आकडा फक्त एका पायरीवर राहिला होता आणि वरची बोली चारची होती. म्हणजे आता आम्ही एकदाच बोलू शकत होतो, आणि तो त्यावर गेला तर संपलं.

"वहिनी, आकडा सोड आता," मी म्हटलं. "मी घालते वरचे. माझ्या दुकानातून घालते. त्याला गाळा मिळता कामा नये."

"तुला गाळा पायजे का त्याची जिरवायची हाय?"

माझी बोटं कीबोर्डवर होती आणि खरं सांगायचं तर मला त्याची जिरवायचीच होती. वहिनीने माझा हात बाजूला केला. मग ती स्क्रीनकडे बघत सरळ बसली आणि तिने डोक्यावर पदर घेतला.

मला हसू आलं. "कॉम्प्युटरला कळतंय का पदर?"

ती हसली नाही. पदर तसाच डोक्यावर, हात तसाच कानाशी, आणि ती कशाचा तरी विचार करत राहिली. मग म्हणाली, "अण्णाला फोन लाव."

"आत्ता?"

"लाव गं. एकटं वाटायलंय मला. हर्राशीत ते नेहमी समोर असतात."

मी लावला आणि स्पीकरवर ठेवला. अण्णांनी उचलला आणि वहिनी बोलायच्या आतच म्हणाले, "अक्का, मागाहून बोलतो. कामात हाय."

"काय काम करायलाव?"

पलीकडून बसचा हॉर्न ऐकू आला.

"काय न्हाई. मोबाइलवर जरा."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे बघितलं. "अण्णा," तिने अगदी हळू विचारलं, "तुमचा क्रमांक चार हाय का?"

रिवाज मोडायचा म्हणजे अण्णांना जडच गेलं असणार. मग म्हणाले, "व्हय. मला वाटलं तो दोन नंबरवाला कुणी बाहेरचा हाय. तू अजून बोललीच न्हाईस असं वाटलं. म्हणून मी तुझी जागा धरून बसलो."

बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी ते वहिनीची जागा धरून बसले होते. आणि आम्ही त्याच रुमालाशी भांडत होतो.

"सोडलं कामून न्हाई मग?" वहिनी म्हणाली.

"कसं सोडू? तुझा पदर कुठं दिसायलाय इथं."

वहिनीने डोळे पुसले. "अण्णा, मी पदर घेतलाय," ती म्हणाली.

"बरं," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

मी आमची शेवटची बोली लावली, ठरलेल्या आकड्यावर, एक पैसा इकडेतिकडे नाही. घड्याळ पुन्हा मागे गेलं. आता अण्णा गप्प राहणार हे माहीत असूनही मी स्क्रीनवरून नजर काढली नाही, कारण माझा तो अंगठ्यावाला अजून कुठेतरी असेल असं मला वाटतच होतं. वहिनी एक हात पदरावर ठेवून बसली होती. कुणी आलं नाही. घड्याळ संपलं, स्क्रीन हिरवी झाली आणि क्रमांक दोनपुढे 'यशस्वी' असं आलं. मी शटर वर ढकललं. बाहेरचं ऊन, कचेरीतली गर्दी, सगळं मला एकदम फार चांगलं वाटलं. आणखी थोडा वेळ तो फोन लागला नसता तर मी काय केलं असतं, हे मला चांगलंच माहीत होतं.

मग राग आला तो वेगळाच. नोंदणी, अनामत, बोटांचे ठसे, हे सगळं अण्णांनी केलं कुठे? तर, नंतर कळलं, माझ्या पलीकडच्या दुकानात. मला कळू नये म्हणून. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनीबरोबर बसस्टँडवर गेले. तिने शटर उघडलं, फळी पुसली, डबे मांडले. मी म्हटलं, आपण आणि अण्णांनी मिळूनच आपलं भाडं वाढवून घेतलं, आधी बोललो असतो तर निम्म्यात झालं असतं.

"वाढू दे," ती म्हणाली. "काल दुपारभर मला वाटायलं होतं, माझ्या जागेवर कुणाचा तरी डोळा हाय. कुणाचाच नव्हता."

समोर अण्णा खाली मान घालून शेवंती ओवत होते. आभार मानायचे नसतात, तेव्हा वहिनी त्यांच्याकडे गेली नाही. त्यांनी मान वर करेपर्यंत ती थांबली. मग त्यांच्याकडे बघत तिने सावकाश डोक्यावर पदर घेतला. अण्णांनी मान हलवली आणि ते पुन्हा फुलं ओवायला लागले.