चहाच्या सुट्टीतला व्यायाम

आमच्या सत्यभामा अक्काचा उजवा खांदा दोन वर्षांपासून दुखतोय. फुलंब्रीहून सकाळच्या पहिल्या गाडीनं ती कंपनीत येते आणि आठ तास भरलेली खोकी उचलून डोक्यापेक्षा उंच फळीवर ठेवते. "फळी वीतभर खाली घ्या," एवढंच ती सुपरवायझर विश्वजीतला सांगत आली. त्यानं फळी तशीच ठेवली आणि श्वास मोजत ताण घालवायचा हळुवार व्यायाम शिकवायला प्रेरणा मॅडमला आणलं. वेळ कुठली दिली? तर आमच्या चहाची!

काल अक्का आधीच तापलेली होती. मॅडमनी विचारलं, "ताई, नेमकं कशानं दुखतं? करून दाखवा बरं."

अक्कानं खोकं उचललं आणि हात ताणून फळीवर ठेवलं.

मॅडम म्हणाल्या, "आपण सगळे हेच सावकाश करून बघू. कुठं ताण येतो, ते नीट कळेल."

आम्ही नुसतेच हात वर नेले. विश्वजीतला मात्र फोटो काढून घ्यायचा होता, म्हणून तो भरलेलं खोकं घेऊन पुढं उभा राहिला. वर, खाली, परत वर. सातव्या वेळी त्यानं खोकं खाली टेकवलं आणि खांदा चोळत म्हणाला, "बास मॅडम, लई भरून आला."

अक्का कडाडली, "सातच झाले, साहेब! मी रोज नऊशे ठेवते. आता फळी खाली घेता, का अजून श्वासच मोजू?"