भुशाचं कपाट

आई गेल्यावर आप्पा साखर कारखान्याजवळच्या दोन खोल्यांत एकटेच राहत होते. त्यांनी कोल्हापुरात आमच्याकडे यावं, असं माझं म्हणणं. बापानं लेकीच्या घरी चार दिवसांवर राहू नये, असं त्यांचं. चार म्हणत आणि तिसऱ्याच दिवशी एसटी धरत. मला भाऊ नाही. मग हा नियम पाळून त्यांनी जायचं कुठं, ते मात्र कुणी सांगत नव्हतं.

मी वाद घालायचं सोडलं आणि घराचं काम काढलं. मागची अडगळीची खोली त्यांच्यासाठी नीट करायची, हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मी शाळेत पर्यावरण शिकवते. इतकी वर्षं मुलांना झाडं वाचवा सांगून घरात प्लायवूड आणलं असतं, तर कुणी काही म्हणालं नसतं, पण मला झोप लागली नसती. म्हणून जुनी शहाबादी फरशी घासून तीच ठेवली. भिंतींना चुन्याचा गिलावा सांगितला, तेव्हा गवंड्यानं बाईंची परिस्थिती जरा नाजूक दिसते अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. कपाटासाठी उसाच्या भुशापासून केलेल्या फळ्या मिळाल्या. नवऱ्यानं नमुना हुंगला आणि पाणी लागलं तर याचा गूळ होईल का, असं विचारलं. मी हसले नाही.

एका रविवारी आप्पा दिवसापुरते आले. फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. रस काढून उरलेल्या या भुशाला कारखान्यात बगॅस म्हणतात, आणि आप्पांची सगळी नोकरी बॉयलरवर तोच जाळण्यात गेली. त्यांनी फळीचा कोपरा नखानं खरवडला, चुरा बोटांत चोळला.

"ह्ये आमी जाळत हुतो," ते म्हणाले. "तू कापडं ठेवणार व्हय ह्यात?"

मला अपमान झाल्यासारखं वाटलं. झाड तोडावं लागत नाही, ऊस दरवर्षी येतो, असं मी वर्गातल्या आवाजात समजावलं. त्यांनी ते वर्गातल्या मुलांइतकंच ऐकलं. मग सुताराकडे वळून कडा कशा बंद करणार ते विचारलं. सुतार म्हणाला, शेवटी पट्टी मारू. बगॅस ओल धरतं, कडा उघड्या राहिल्या तर श्रावणापर्यंत कपाट फुगेल, असं आप्पांनी त्याला ऐकवलं. नोकरीत असताना ते मूठभर बगॅस दाबून ओल सांगायचे. प्रयोगशाळेचा कागद नंतर यायचा.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या एसटीनं हजर. मग रोजच. दोनदा पट्ट्या उचकटून परत मारायला लावल्या. आठ दिवसांचं काम महिनाभर चाललं. सुतार माझ्याकडे हळूच कुरकुरला, मी त्याला आणखी चहा दिला. संध्याकाळी आप्पा न चुकता परत जात. देखरेख म्हणजे काही राहणं नव्हे, त्यामुळे नियमही शाबूत होता.

कपाट उभं राहिलं. त्यांनी दार उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग मी बोलले.

"कपाट तुमचं हाय, आप्पा. खोली पण."

त्यांनी दार लावलं आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघून गेले. त्यानंतर आले नाहीत. मी खूप रडले. एवढा चुना, एवढी फरशी, आणि माणूस नाही. नवरा त्या रिकाम्या खोलीत जाऊन पंखा पुसून आला.

मृगाच्या तोंडावर ते आले, हातात बॅग होती. माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाले, "पावणं, पाऊस बघितल्याबिगार ह्या फळीचं काय सांगता येत न्हाय. ऱ्हावंच लागंल."

त्या पावसाळ्यात कपडे वाळले नाहीत, मिठाला पाणी सुटलं, पुढचं दार चौकटीत अडकलं. कपाट फुगलं नाही. आप्पा रोज सकाळी खालची कड अंगठ्यानं दाबून बघत. दसऱ्याला मी भीत भीत विचारलं, काय म्हणतंय कपाट.

"एका पावसात कळत न्हाय," ते म्हणाले.

आता तिसरा पावसाळा चालू आहे. आप्पांना अजून काही कळलेलं नाही.