जाणत्याच्या घरात तिचा आवाज

मी लोणावळ्यात एका रिसॉर्टवर तंबोला घेतो. शनिवार-रविवार आलेल्या लोकांना हसवायचं, हेच काम. नंबर पुकारता पुकारता मधेच पुण्याची काकू काढायची, मधेच स्टेशनवरची अनाउन्समेंट, मधेच आमच्या शाळेचे पीटीचे सर. लोक विचारतात, गळ्यातून कसं काय जमतं. गळा नंतर येतो. आधी त्या माणसाचा श्वास पकडावा लागतो. तो कुठं थांबतो, कुठं गिळतो. श्वास बसला की माणूस आपोआप येऊन बसतं.

बायकोला जठराचा कॅन्सर निघाला, तेव्हा तो चौथ्या स्टेजला होता. त्याआधी वर्षभर सगळे ॲसिडिटी म्हणत होते. मीपण. तिनं ढेकर दिला की मी तंबोल्याचा नंबर पुकारायचो आणि ती उशी फेकायची.

पुण्याचे डॉक्टर ओठ न हलवता बोलतात. पहिली केमो चालली नाही, हे त्यांनी मला केबिनमध्ये सांगितलं. ती बाहेर व्हीलचेअरवर होती. घरी आल्यावर मी तिला अख्खे डॉक्टर करून दाखवले. "ऑपरेशनची वेळ गेलीय. दुसरी केमो देऊन बघता येईल, फायदा होईलच असं नाही. मुंबईला एक नवीन औषध तपासतायत, घेतलं तर घेतलं. किंवा नुसती जाळी बसवू. जठराचं तोंड बंद होत आलंय, ते उघडं राहील, पातळ खाणं उतरेल. पण गाठ आहे तिथंच राहणार. सोमवारी काय ते सांगा."

ती हसली. मग म्हणाली, "हुबेहूब."

पुढचा आठवडा मी सगळ्यांना विचारत फिरलो. मुंबईला फोन लावले. मित्राच्या मेव्हण्याला विचारलं, रिसॉर्टवर सुट्टीला आलेल्या एका हाडांच्या डॉक्टरला स्विमिंग पूलवर गाठून विचारलं. सासऱ्यांचं वेगळंच चाललं होतं. ते आंदर मावळातले, भाताचे शेतकरी. मी त्यांना मामा म्हणतो. त्यांच्या गावापलीकडं वाडीवर एक जाणता आहे. नाडी बघत नाही, रिपोर्ट बघत नाही. आजारी माणसाला बोलायला लावतो आणि ऐकून मुळी देतो.

"येकदा जाऊ पाव्हणं," मामा म्हणाले. "तुमच्या पुन्याच्या नादात मी कदी आडवा आलो का?"

नव्हते आले. तिला गाडीवर बसवणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं मोबाईलवर बोलून दिलं, मी रेकॉर्ड केलं. रविवारची सुट्टी टाकली, कान्हे फाट्यावरून आत वळलो आणि गावातून मामांना मागं बसवलं.

रस्ता संपला तिथं बाईक लावली आणि चालत निघालो. दुपार होती, पण धुकं इतकं की मामा चार पावलं पुढं गेले की नुसता खोकला उरायचा. मी गंमत म्हणून त्यांच्यासारखा खोकलो. पुढून मामा म्हणाले, "आलो, आलो." त्यांना वाटलं, जाणत्याच्या घरातून कुणीतरी बोलावलं. मी गप्प बसलो. त्या धुक्यात आपला आवाज नेमका कुठून येतोय, ते मलाच कळत नव्हतं.

घरात लाईट नव्हती. म्हातारा उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून. मामांनी नारळ ठेवला. मी मोबाईल काढला.

"त्यो ठीव आत," म्हातारा म्हणाला. "डबड्यातलं मानूस मी ऐकत न्हाई."

"आबा, तिला चालवत नाही हो."

"मंग काय ऐकू? तुजं रडगानं?"

मामांनी मान खाली घातली. इतकं चालून आलो होतो. मी म्हटलं, "आबा, डोळे मिटा."

तिचा आवाज मला लग्नाआधीपासून येतो. साखरपुड्यात काढून दाखवला होता, मामांनीच टाळ्या वाजवल्या होत्या. तोच काढला. "जेवण जात नाही आबा, पाणीसुद्धा अडकतं."

म्हातारा ऐकत राहिला. मग डोळे न उघडता म्हणाला, "ही ठणठणीत हाय. कशाला आनली?"

मला आधी हसू आलं आणि मग लक्षात आलं. मी काढला होता तो साखरपुड्यातला आवाज. तसं ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. आता ती कशी बोलते, ते मी रोज ऐकत होतो, पण कधी काढलं नव्हतं. गंमत म्हणूनही नाही.

मी श्वास पकडला. वरचा वर, अर्धा. पोटाला धक्का लागू नये म्हणून मधेच सोडलेला. मग गिळणं, त्याला वेळ लागतो. तेवढं केलं आणि माझं स्वतःचं पोट आवळून आलं. आवाज आला तो बारीक, कोरडा, पानांवरून काहीतरी ओढत नेल्यासारखा.

"आबा," ती म्हणाली. म्हणजे मी म्हणालो.

मामा झटकन दाराकडं वळले. दारात नुसतं धुकं होतं.

म्हातारा पुढं सरकला. तो सगळ्यांना विचारतो तेच त्यानं विचारलं. "काय खावंसं वाटतं, बाई?"

मी काहीतरी जुळवून बोलणार होतो. पेज, मऊ भात, असलं काही. पण तोंडातून आलं, "काही नको. मला घरी राहायचंय. कुठं नेऊ नका."

मी हे ठरवलं नव्हतं. वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं आणि मी बाकी दोघांसारखंच ते ऐकलं. मामा अंधारात म्हणाले, "बरं बाळ. न्हाई नेत." ते माझ्याकडं बघून बोलले नाहीत. माझ्या शेजारी रिकामी जागा होती, तिकडं बघून बोलले.

म्हाताऱ्यानं मुळ्यांची पिशवी बांधून टाकली. नारळ परत मामांच्या हातात दिला. "जावा आता," म्हणाला, "आन हितं परत असा आवाज काढू नगंस."

परतताना मामा नारळ पोटाशी धरून बाईकवर बसले. गावात उतरताना एवढंच म्हणाले, "उद्याची गाडी सांगतो. तिला हिकडं आनतो. आता पुनं न्हाई, मुंबई न्हाई. तिनं सांगितलंय."

"मामा, ते मी बोललो."

"मला ल्येकीचा आवाज कळत न्हाई व्हय?"

संध्याकाळी घरी पोचलो तर ती पडून होती. मी सगळं सांगितलं, खोकल्यापासून. रेकॉर्डिंग ऐकलंच नाही, हेही सांगितलं. ती छताकडं बघत ऐकत होती.

"काढ बघू," ती म्हणाली.

"नको."

"माझाच आहे ना? काढ."

मी काढला. तेच वाक्य. तिनं डोळे मिटले. बराच वेळ मला कळत नव्हतं, आता मी थांबलोय की अजून खोलीत कुणी बोलतंय.

"अशी बोलते मी?" ती म्हणाली. "बापरे." मग म्हणाली, "पण हे मी नाही म्हणाले. घरी राहून काय करू, तुझा तंबोला ऐकू? आवाज माझा आहे रे. बोलणं तुझं आहे. तू दमलायस."

मी दमलो होतो. ते मला तिच्या तोंडून कळलं. आणि हेही, की आठवडाभर मी हाडांच्या डॉक्टरलासुद्धा विचारलं होतं, फक्त तिला नाही.

"मग तुला काय पाहिजे?" मी म्हटलं. माझ्याच आवाजात. तो जरा विचित्र वाटला, फार दिवस वापरला नसल्यासारखा.

"जाळी," ती म्हणाली, लगेच. कधीचं ठरवून ठेवलं असावं. "केमो नको. मुंबई नको. ती जाळी बसवायची आणि चमचा-चमचा का होईना, तोंडानं खायचं. नळीनं नाही. एवढंच. लाव फोन आप्पांना."

मी मामांचा नंबर स्पीकरवर लावला. ती म्हणाली, "आप्पा, मी बोलतेय. उद्या गाडी नका आणू. मला पुण्याला जायचंय. फक्त जाळी बसवून घेणार आहे, बाकी औषधं नको."



"पाव्हणं," मामा म्हणाले, "असं नका करू."

"आप्पा, मीच आहे."

"तितं आबाच्या घरात बोलली ती माझी ल्येक. तिनं कुटं नेऊ नका म्हटलं. ही तुमी बोलताय. तुमाला न्यायचंच हाय, म्हून."

तिनं माझ्याकडं बघितलं. तसं बघणं मी कधी विसरणार नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या तोंडानं बोलत होती, आणि बाप म्हणत होता ही तू नाहीस. ती परत "आप्पा" म्हणाली, जास्त जोरात. जोरानं म्हटल्यावर तो आवाज अजूनच माझ्या नकलेसारखा वाटायला लागला. खरं सांगतो, एक क्षण मी माझे ओठ चाचपून बघितले.

"तिला फोन द्या," मामा म्हणाले.

"मामा, फोन तिच्याच हातात आहे," मी म्हटलं.

"आता तुमी तुमच्या आवाजात बोललात. आगुदर तिच्या. मी काय येडा हाय?"

तिनं माझा दंड धरला. "थांबू नकोस," ती हळूच म्हणाली. "मी बोलत असताना तूपण बोल. एकदम. दोन गळे आहेत, कळू दे."

आणि ती बोलायला लागली, जाळी, सोमवार, तोंडानं खाणं, आणि मी तिच्यावरून बोलायला लागलो, मामा ती आहे, मामा ऐका, ती आहे. शब्दांवर शब्द पडत होते. ती मधेच श्वासाला थांबली, मी थांबलो नाही. मी गिळायला थांबलो, ती बोलत राहिली.

मग दोघांचाही दम संपला. फोनमधून गोठ्यातल्या जनावराचं हुंकारणं ऐकू येत होतं.

"बाळ," मामा शेवटी म्हणाले. आवाज फुटला होता. नाक ओढलं. "गाडी तर सांगून बसलोय. पुन्यालाच नेतो मंग. किती वाजता पोचायचं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं मोबाईल तोंडाजवळ नेला, अर्धा श्वास घेतला आणि सांगितलं.