ब्रेकवरचा पाय

आमच्या जीपचं वय आमच्या लग्नापेक्षा जास्त आहे. मिलिटरीच्या लिलावातून निघालेली गाडी, ह्यांच्या हातात यायच्या आधी तिचे दोन मालक होऊन गेले. इंजिन मूळचं नाही. मागचे समोरासमोर बसायचे बाक ह्यांनी पाइप आणून स्वतः वेल्डिंग केले. वरचं कापडी हूड मी माझ्या मशीनवर शिवलं, त्यात तीन सुया मोडल्या, तरी एका कोपऱ्यातून अजून वारा शिरतोच.

पावसाळा संपून वाट वाळली की तुंगार्लीत बंगल्यांवर उतरलेल्या लोकांना हे राजमाचीच्या कच्च्या रस्त्यानं घेऊन जातात. शनिवार-रविवार गाडी चालते. उरलेले पाच दिवस ती औंढ्यात आमच्या अंगणात उभी असते आणि तिचं काहीतरी निघालेलं असतं. कधी स्प्रिंगचे पाटे उतरवायचे, कधी ग्रीस भरायचं, कधी गळती शोधायची. शोधायची म्हणजे मी खाली जुनी चादर अंथरायची आणि सकाळी डाग कुठं पडलाय ते बघायचं. मुलगा कंपनीत लागलाय, तो म्हणतो विकून टाका. हे पाना घेऊन गाडीखाली जातात. ह्यांचे गुडघे आता दुखतात. खालून बाहेर यायला टायरला धरून उठावं लागतं.

यंदा ह्यांनी मोठे टायर बसवले. पाट्यांमध्ये एकेक पान वाढवून गाडी उंच केली. उंच गाडी दिसली की लोक फोटो काढतात, ज्यांना फोटो मिळतो ते पुढच्या वेळी परत बोलावतात, असं ह्यांचं म्हणणं. मला मात्र आता स्टूल ठेवल्याशिवाय आत चढता येत नाही. टायर जड झाल्यावर ब्रेक उशिरा धरायला लागला, म्हणून ह्यांनी चारही चाकांचे लायनर बदलले. लायनर बदलले की ब्रेकच्या तेलातली हवा काढावी लागते, आणि त्या कामाला दोन माणसं लागतात.

ते दुसरं माणूस मी. मी सीटवर बसून पेडल तीनदा मारायचं आणि चौथ्यांदा दाबून धरायचं. हे खाली चाकाजवळ हवा सोडायचं निपल सैल करतात, नळीतून तेल बाटलीत येतं, बुडबुडे येतात. निपल आवळल्यावर म्हणतात, सोड. तोवर पाय उचलायचा नाही, उचलला तर हवा उलटी आत जाते. आधी मागचं डावं चाक, कारण ते सगळ्यात लांब. मग एकेक जवळ येत शेवटी पुढचं उजवं. मी दाबलं की "धरलंय" म्हणायचं असतं. माझा आवाज ह्यांना खाली ऐकू जात नाही. "मोठ्यानं बोल की, देवळात बसलीस का?" असं सुरुवातीला खूप ऐकून घेतलं. मग मी बोलायचंच सोडलं. पत्र्यावर पान्यानं एक टोला मारते, म्हणजे धरलंय.

त्या गुरुवारी चारही चाकं झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. हे हात धुवायला गेले. माझा पाय पेडलवरच होता. कंबर भरून आली होती, उतरायचा कंटाळा आला होता, म्हणून तशीच बसून राहिले. थोड्या वेळानं वाटलं, पाय खाली जातोय. भातलावणीच्या चिखलात एका जागी उभं राहिलं की जसा हळूहळू रुततो, तसा. मी पाय उचलला, पुन्हा दाबला. वर घट्ट लागला. धरून बसले. पुन्हा तसाच खाली गेला, पार पत्र्याला टेकला.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, कुठंतरी हवा राहिली असेल. शुक्रवारी परत चारही चाकं केली. एकही बुडबुडा आला नाही. चादरीवर डाग नव्हता, तेल बाहेर कुठंच जात नव्हतं. पाय मात्र जातच होता. मी पुन्हा सांगितलं. ह्यांनी स्वतः सीटवर बसून धाडधाड पेडल मारलं, ते दगडासारखं झालं. ह्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

तेव्हा ह्यांचे एक मित्र आले होते. त्यांचीही अशीच जीप आहे. ते अंगणात चहा पीत होते. हसून म्हणाले, "वहिनी ब्रेक मारत न्हाईत भाऊ, चेपत्यात. तुमचं पाय चेपायची सवय."

हेही हसले. मी कपबशा उचलून आत गेले. आत जाऊन काही केलं नाही, नुसती ओट्याला धरून उभी राहिले. मला चारचौघांत बोलता येत नाही. चौथीनंतर शाळा सुटली, पण शाळेत होते तेव्हाही उत्तर येत असून हात वर केला नाही. गाडीबद्दल ह्यांना मी काय सांगणार? पण ह्यांनीच कधीतरी सांगितलं होतं की ह्या जुन्या गाडीत चारही चाकांना ब्रेकचं तेल एकाच सिलिंडरातून जातं. तो गेला की एकही ब्रेक राहत नाही. हँडब्रेक नावाला आहे. आणि त्या वाटेवर एक उतार आहे, एका बाजूला दरी. मी एकदाच गेलेय. तिथं ब्रेक नुसता मारून चालत नाही. खालपर्यंत पाय दाबून धरावाच लागतो.

शनिवारची फेरी नव्हती. रविवारी तुंगार्लीहून एक कुटुंब जाणार होतं, दोन लहान मुलं धरून सहाजण. सकाळी हे तयार होऊन गाडीत बसले, इंजिन चालू केलं. ह्यांचे मित्र आपली जीप घेऊन रस्त्यावर थांबले होते, दोन्ही गाड्या बरोबर निघणार होत्या. मी जाऊन ह्यांच्या बाजूला उभी राहिले. गाडी उंच, त्यामुळे माझं तोंड ह्यांच्या कोपराएवढंच पोचत होतं.

"एकदा पाय ठेवा," मी म्हणाले. "मारू नका. ठेवा आणि उचलू नका. मी शंभर म्हणते."

"अगं, लोक थांबल्यात तिकडं."

मी एक, दोन, तीन म्हणायला लागले. इंजिनाच्या आवाजात ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणत होते. रस्त्यावरून मित्र बघायला लागले, शेजारच्या मावशी दारात आल्या. माझे कान तापले होते, पण मध्येच थांबले तर पुन्हा सुरू करता येणार नाही हे मला माहीत होतं. ह्यांनी आधी चिडून पाय ठेवला, समोर बघत राहिले. वीसच्या पुढं ह्यांची मान खाली पायाकडं गेली. चाळीसला ह्यांनी इंजिन बंद केलं. तरी मी म्हणतच होते. ह्यांनी हात केला, तेव्हा थांबले.

हे खाली उतरले नाहीत. पाय उचलून पुन्हा ठेवला आणि मनाशीच मोजलं असावं, ओठ हलत होते. मग मित्रांना म्हणाले, "तू घेऊन जा त्यांना. माझी न्हाई येत."

मित्र म्हणाले, एवढं काय, हळू उतरू, मी पुढं राहतो.

"पुढं राहून काय करशील? तुझ्यावरच येऊन पडंल," हे म्हणाले.

मित्र गेले. हे बराच वेळ स्टिअरिंगला हात लावून बसले.  मला बरं वाटायला हवं होतं. पण ताट वाढताना दिसत होतं की ह्यांना भीती वाटलीय, आणि ती मुलं ह्यांच्या डोळ्यांपुढून जात नाहीयेत. शुक्रवारी आपण हसलो, तेही ह्यांच्या मनात असेल. 

मंगळवारी सिलिंडर उघडला. आतलं रबर झिजून कडेला फाटलं होतं, सिलिंडरला आतून गंजाचे ओरखडे पडले होते. जोरात मारलं की रबर तेवढ्यापुरतं तेल अडवायचं, दाबून धरलं की बाजूनं सोडून द्यायचं. कामशेतला नवा सिलिंडर मिळाला. तो बसवल्यावर पुन्हा हवा काढायची, म्हणजे पुन्हा चारही चाकं. आठवड्यात तिसऱ्यांदा मी स्टुलावरून वर चढले. मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. माझी पोटरी गेल्या खेपेपासून दुखत होती.

शेवटचं निपल आवळून झाल्यावर हे म्हणाले, "सोडू नको." मी धरून बसले. मनात मोजायला लागले.

"किती झालं?" हे मग म्हणाले.

"दोनशे."

"जागेवर हाय?"

"हाय."

हे तरीही बाहेर आले नाहीत. तिथंच मातीत पाठ टेकून पडून राहिले असावेत, नुसते पाय दिसत होते. मीही पाय उचलला नाही. दळण आणायचं होतं, गिरणी बंद व्हायची वेळ झाली होती. मी पुढं मोजत राहिले.