चिंचेखालचा तराजू

आमच्या कर्जतच्या शाळेत काम केलेली चार माणसं भेटली की शाळेतल्या जेवणाचे किस्से निघायचेच. पातेल्याच्या बुडाला खरपुडी धरावी तसे ते धरलेत, कितीही खरवडा, थोडे उरतातच. आता सांगायला मीच उरले आहे, तेव्हा ऐका. थोडं मीठ माझ्या पदरचं असेल, तेवढं चालवून घ्या.

लढाईचे दिवस होते, रेशन नुकतंच लागलं होतं. मी नवीच मास्तरीण, तिसरीला शिकवायचे. पोरं सकाळी कोऱ्या चहावर यायची आणि दुपारी पाटीवर डोकं टेकून झोपायची. खालापूरचे वामनराव डॉक्टर एकदा देवी टोचायला आले, आणि एकेकाचे दंड हातात धरून बघतच राहिले. मला म्हणाले, "बाई, यांना टोचू कुठे? जागाच नाही."

झालं, डॉक्टरांनी ध्यास घेतला. शाळेत एक वेळचं जेवण, तेही सकस. स्कूल बोर्डाच्या साहेबांकडे इतक्या खेपा घातल्या की साहेबांनी कंटाळून वर्षभराची परवानगी दिली. पण अट घातली. वर्ष संपताना साहेब स्वतः येणार, आणि त्यांच्यासमोर ज्या मुलाची वजन-उंची रजिस्टरात चढेल, त्यालाच पुढे जेवण. बाकीच्यांची नावं यादीतून कमी.

---

स्वयंपाकाला दहिवलीच्या धुरपाबाई मिळाल्या. हात सढळ, जीभ त्याहून सढळ.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी आयाबायांना चिंचेखाली बसवून तासभर भाषण दिलं. गिरणीच्या पांढऱ्या तांदळात काही राम नाही, सगळं सत्त्व कोंड्यात जातं, म्हणून शाळेत हातसडीचा तांबडा भातच मिळेल, वगैरे. बायका माना डोलवत होत्या. भाषण संपल्यावर धुरपाबाई उठल्या.

"डॉक्टर, तांबडा तर घरी रोजच शिजतो. शाळंत पांडरा मिळंल म्हनून पोरं यायला तयार झाली हायेत."

डॉक्टर मटकन खाली बसले. पण भात तांबडाच राहिला. धुरपाबाई त्यावर ओलं खोबरं पेरायच्या आणि पोरं बोटं चाटायची. डॉक्टर मात्र शेवटपर्यंत समजत होते की हे आपल्या भाषणामुळे झालं.

---

मग वालाच्या बिरड्यावरून जुंपली. डॉक्टर म्हणाले, मोड आलेले वाल सालासकट शिजवा, सालातही गुण असतात.

धुरपाबाईंनी डाव खाली ठेवला. "सालाचं बिरडं मी आजवर कुनाच्या पानात वाढलं नाय. दुसरी बाई बघा."

शंभर पोरांचे वाल एकटी बाई सोलणार कशी? शेवटी पाचवीच्या वर्गापुढे भिजवलेल्या वालांची घमेली आली आणि पाढे म्हणत म्हणत पोरं सोलायला लागली. हेडमास्तर आमचे फार हुशार. त्यांनी वेळापत्रकात तो तास 'हस्तव्यवसाय' म्हणून घातला. तपासणीला आलेल्या एका माणसाने शेरा दिला, 'मुलांची बोटं चपळ आहेत.'

---

माशाच्या तेलाचं तर विचारूच नका. रोज एकेक चमचा, नाक दाबून. पोरं तोंड मिटून, गाल फुगवून, शहाण्यासारखी मागच्या दाराने जायची. आम्हाला वाटलं, वा, काय वळण लागलंय!

मागच्या दाराशी एक पपईचं झाड होतं, मरतुकडं. त्या वर्षी ते असं तरारलं की बघत राहावं. पहिली पपई डॉक्टरांनाच कापून दिली. त्यांनी एक फोड खाल्ली, दुसरी उचलली, मग खाली ठेवली आणि खिडकीतून झाडाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून तेल घेतल्यावर प्रत्येकाला दहापर्यंत मोठ्याने आकडे म्हणावे लागत.

---

आता तराजूचं. दर महिन्याला वजन करायचं, तर भाताच्या गिरणीवाल्याने जुना तराजू दिला, वजनं काही दिली नाहीत. चिंचेच्या फांदीला तराजू टांगला आणि धुरपाबाईंनी नदीवरचे गोटे आणून पुढ्यात ठेवले. गावात दुकानातल्या वजनाशी जुळवलेले दगड तोलायला वापरायची पद्धतच होती.

डॉक्टर उखडले. "मुलांना दगडांनी तोलायचं? हे शास्त्र आहे, बाई."

"शास्तरात दगूड हलका व्हतो काय?" धुरपाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी एकेक गोटा स्वतः तपासला, त्यावर चुन्याने शेर आणि पावशेर लिहिले, तेव्हाच त्यांचं समाधान झालं. पोरं भोवती उभी राहून सगळं बघत होती.

आकड्यांच्या बाबतीत हा माणूस म्हणजे कर्मठ. लावणीच्या महिन्यात पोरं दिवसभर चिखलात राबली, घरी कोठारं रिकामी, त्यामुळे सगळ्यांची वजनं उतरली. हेडमास्तर हळूच म्हणाले, "पावशेर-पावशेर वर लिहू या का? पोरांच्या जेवणाचा प्रश्न आहे."

डॉक्टर त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. मला म्हणाले, "एक आकडा खोटा निघाला तर साहेब सगळंच रजिस्टर खोटं म्हणतील. मग काय सांगाल पोरांना?" मला तेव्हा त्यांची फार माया आली.

---

शेवटी तो दिवस आला. आदले आठ दिवस डॉक्टर वर्गावर्गात जाऊन बजावत होते, "साहेबांसमोर ज्याची वजन-उंची लिहिली जाणार नाही, त्याचं जेवण बंद. कुणी घरी राहायचं नाही." साहेब आले. खुर्ची टाकली. पोरं ओळीने पारड्यात बसत होती, डॉक्टर मोठ्याने आकडे सांगून लिहीत होते. बहुतेकांची वजनं वाढली होती. धुरपाबाई चुलीशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या आणि धुराला नावं ठेवत होत्या.

पहिलीतल्या बाळ्याचं नाव पुकारलं. बाळ्या नाही. दोनदा पुकारलं. साहेबांनी पेन्सिल उचलली.

तेवढ्यात फाटकातून बाळ्याची बहीण सखू आली. माझ्याच वर्गातली, दहा वर्षांची. डोक्यावर भरलेली पाटी, मान ताठ, घामाने न्हालेली. दहिवलीहून ती तशीच चालत आली होती. मी धावत जाऊन पाटी उतरवली. आत गोटे होते.

"हे काय गं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाळ्या हाय," ती म्हणाली. "त्याला हिव भरलंय, उटवत नाय. म्हनून कावडीत एका बाजूला त्याला बसवला अन् दुसऱ्या बाजूला हे घातलं. बराबर हाय. आयनं बी बगितलं."

डॉक्टरांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि पारड्याकडे मान हलवली. मग आम्ही दगडांनी दगड तोलले. सोळा शेर, मागच्या खेपेपेक्षा अर्धा शेर जास्त. डॉक्टरांनी दोनदा तोलून बघितलं, आणि लिहिलं.

"आणि उंची?" साहेबांनी विचारलं.

सखूने ओच्यातून दोन्ही टोकांना गाठी मारलेली सुतळी काढली. साहेबांनी ती हातात घेऊन मोजपट्टीवर ताणून धरली.

"वाईच वाढवून धरा, सायेब," ती म्हणाली. "तापात त्याला नीट हुबं ऱ्हाता येत नव्हतं."

साहेबांनी सुतळीच्या टोकाला आपलं एक बोट आडवं लावलं, आणि डॉक्टरांनी तेवढंही धरून लिहिलं.