होरेस पिंडर आणि पाद्रीबुवांचं कासव

होरेस पिंडरला जनावरांची भीती वाटते, हे ऑर्मथॉर्प गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. पोस्टातल्या बाईंचं मांजर समोरून आलं, की तो रस्ता ओलांडून पलीकडे जाई आणि पाऊस येतोय का हे पाहिल्यासारखा आभाळाकडे बघत उभा राही. लहानपणी एका हंसाने त्याला चर्चच्या फाटकापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत पळवलं होतं. मोठेपणी त्याने जन्मभर बटणं आणि दोरे विकले. बटण चावत नाही.

आणि गावचा कोंडवाडा मात्र त्याच्याच ताब्यात होता.

कारण त्याचं आडनाव. फार पूर्वी इथल्या शेतांना कुंपणं नव्हती. एकाची गाय दुसऱ्याच्या बार्लीत शिरे. तिला हाकत आणून कोंडवाड्यात घालणारा माणूस म्हणजे पिंडर. गावात जॉन नावाचे ढीगभर लोक. कोणता जॉन हे कळावं म्हणून त्याला पिंडर जॉन म्हणत. त्याचा मुलगा मेंढ्या राखू लागला, तरी पिंडरच. पुढचा कोणी चांभार झाला, तोही पिंडर. मग शेतांना कुंपणं आली, गायी आपापल्या जागी चरू लागल्या. काम गेलं, नाव राहिलं.

गावच्या पंचांना मात्र काम गेल्याचं कोणी कळवलं नव्हतं. दरवर्षी सप्टेंबर संपता संपता ‘नांगर’ नावाच्या दारूच्या गुत्त्यात त्यांची बैठक भरे आणि जुनी पदं वाटली जात. पद द्यायचं ते आडनाव बघून, असा इथला रिवाज. कोंडवाडा पिंडरकडे. बिअर चाखून पास करायचं काम ब्रूअर घराण्याकडे, कारण ब्रूअर म्हणजे बिअर बनवणारा. त्या घराण्यात आता मॉड ब्रूअर ही एकटी निवृत्त सुईण उरली होती, आणि तिने जन्मात दारूला तोंड लावलेलं नव्हतं. ती पेला नाकाशी नेई, “घाण वास येतोय, म्हणजे बरोबर असणार,” असं म्हणे आणि बिअर पास होई. पंचांची प्रमुखही तीच. अर्ध्या पंचांना तिनेच जगात आणलं होतं, त्यामुळे तिच्यापुढे कोणी आवाज चढवत नसे.

होरेसची पदाबद्दल तक्रार नव्हती. कोंडवाडा म्हणजे पुरुषभर उंचीची गोल दगडी भिंत आणि एक फाटक. आत वारा लागत नसे. लग्नाच्या वर्षीच त्याच्या बायकोने, एल्सीने, तिथे गूजबेरीची झुडपं लावली होती. काटेरी झुडपं, बोराएवढी हिरवी आंबट फळं. एल्सी जाऊन दोन वर्षं झाली होती. होरेस रोज संध्याकाळी तिथे जाई, वाळक्या फांद्या छाटी आणि दुकानात कोण आलं, काय म्हणालं, ते झुडपांना सांगे.

मग जमीनदारी गार्साइडने विकत घेतली. हा गृहस्थ जुन्या ट्रॅक्टरांचा व्यापारी. बैठकीच्या सुरुवातीला जुने नियम वाचायची प्रथा होती, आणि तेवढ्या वेळात लोक बिअर मागवून घेत. गेल्या वर्षी गार्साइडने मात्र ते ऐकले.

“थांबा, थांबा. वर्षभरात एकही भटकं जनावर कोंडलं नाही, तर कोंडवाडा जमीनदाराकडे परत, असंच वाचलंत ना?”

“शेकडो वर्षं असंच वाचतोय आम्ही,” मॉड म्हणाली.

“झकास. पुढच्या बैठकीपर्यंत वाट बघतो. तीन ट्रॅक्टर सहज उभे राहतील तिथे.”

कोंडवाडा राखायचा, तर जनावर कोंडायला हवं. जनावर कोंडलं, तर ते एल्सीची झुडपं खाणार. आणि त्याआधी त्या जनावराला धरायला हवं.

गाव मदतीला धावलं.

“माझी शेळी उद्या हरवते, होरेस,” शेजारचा पर्सी म्हणाला.

“शेळी पानसुद्धा ठेवायची नाही रे.”

“मग डुक्कर?”

“मुळं उकरेल.”

“बरं, आमच्या मेव्हण्याचे हंस आहेत...” पर्सीने वळून पाहिलं. होरेस भिंतीला टेकून खाली बसला होता. “राहू दे,” पर्सी म्हणाला.

वर्ष असंच सरलं. बैठकीच्या आदल्या दिवशी दुकानातून परतताना होरेसला रस्त्याच्या मधोमध एक पालथा वाडगा दिसला. तो उचलायला वाकला, तर वाडग्याने त्याच्याकडे पाहिलं. होरेस किंचाळून मागे सरला. मग धावत घरी गेला, कोळशाचं फावडं आणलं आणि डोळे अर्धे मिटून ते कासव कोंडवाड्यात नेऊन ठेवलं. कासवाने एका झुडपाकडे पाहिलं, काटे पाहिले आणि मान आत घेतली.

दुसऱ्या दिवशी गुत्त्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. टेबलावर फावडं, फावड्यात कासव.

“हे माझंच,” पाद्रीबुवा म्हणाले. “बिशप त्याचं नाव. मंगळवारपासून दिसला नाही. मला वाटलं, चिंतनात असेल.”

“झालं तर! जनावर सापडलं, कोंडलं,” पर्सी म्हणाला.

“सापडलं, पण भटकत होतं का?” गार्साइड उभा राहिला. “होरेस, खरं सांग. चालत होतं?”

होरेसला खोटं बोलता येत नसे. “नाही. बसलं होतं.”

“मग ते भटकं जनावर नव्हे, रस्त्यावर पडलेली वस्तू. पडलेली वस्तू पोलिसांकडे द्यायची असते.”

पंच कुजबुजले. शेवटी मॉडने निकाल दिला, “सापडलं तिथेच ठेवून बघू. मावळतीच्या आत आपणहून चाललं, तर भटकं. खुर्च्या उचला.”

सगळी बैठक खुर्च्यांसकट रस्त्यावर आली. बिशपला मधोमध ठेवलं. त्याने चारी पाय आत घेतले. लिंकन शहराकडे जाणारी बस आली आणि थांबली. ड्रायव्हरने विचारपूस केली आणि इंजिन बंद केलं. उतारू खाली उतरले. त्यांच्यातही दोन तट पडले.

“चाल रे बाबा,” पर्सी कळवळून म्हणाला.

“हात लावायचा नाही!” गार्साइड ओरडला.

ऊन घरांच्या छपरांवर चढलं. होरेस उठला आणि घरी गेला. परत आला तेव्हा हातात काचेची बरणी होती. एल्सीच्या हातची, गूजबेरीची शेवटची बरणी. दोन वर्षं तिला त्याने फक्त पुसलं होतं.

“होरेस, ती नको उघडूस,” मॉड हळूच म्हणाली.

झाकण घट्ट बसलं होतं. त्याने ते कोटाच्या टोकाने धरून फिरवलं. मग गुडघे टेकून तो कासवासमोर बसला, मांजरालाही कधी येऊ दिलं नसेल इतका जवळ, आणि त्याने एक फळ रस्त्यावर ठेवलं. पलीकडे दुसरं. आणखी पलीकडे तिसरं.

बराच वेळ काही झालं नाही. मग मान बाहेर आली. एक पाय. दुसरा. बिशप निघाला. बसचे उतारू टाळ्या पिटू लागले.

“हे भटकणं नव्हे!” गार्साइड म्हणाला. “खाण्यासाठी चाललंय ते!”

“आणि गाय बार्लीत कशाला शिरायची?” मॉडने विचारलं. “कीर्तनाला?”

पंचांनी हात वर केले. कोंडवाडा पिंडरकडेच राहिला.

तिसरं फळ संपल्यावर होरेसने बिशपला उचललं. फावडं गुत्त्यातच राहिलं होतं, त्यामुळे हातांनीच उचललं, आणि ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो फाटकाशी पोचलाही होता. कायदा तो कायदा. त्याने बिशपला आत ठेवून कडी लावली, पाद्रीबुवांनी रीतसर मागणी केली, त्याने कडी काढली.

मग उरलेली बरणी त्याने सगळ्यांपुढे फिरवली. पंचांनी एकेक फळ घेतलं, ड्रायव्हरने घेतलं, गार्साइडनेही घेतलं. सगळ्यांचे डोळे एकदम मिटले.

“देवा!” पर्सी म्हणाला. “किती आंबट!”

“साखर घालायला विसरायची ती,” होरेस म्हणाला. “दरवर्षी.” आणि त्याने आणखी एक फळ तोंडात टाकलं.