बरणी ठेवायची कुठे

दातांच्या त्या दवाखान्यात डॉक्टर फक्त दात बघत. बाकी सगळं मावशी बघत. आधी थोरल्या डॉक्टरांच्या हाताखाली, ते गेल्यावर त्यांच्या मुलाच्या हाताखाली, अशी त्यांची अठ्ठावीस वर्षं तिथे गेली होती. सुया पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत. एकदा खुद्द डॉक्टरांनी हातमोजा पिवळ्या पिशवीत टाकला, तर मावशींनी त्यांच्या हातात चिमटा दिला. "काढा. घरी दुधात मीठ घालता का?" खुर्चीतला पेशंट तोंडात कापूस असूनही हसला.

एकाच गोष्टीपुढे मावशी टेकीला आल्या होत्या, ती म्हणजे चांदी. दातात भरतात त्या चांदीत पारा असतो. आता ती कोणी भरत नाही, पण जुनी खरवडून काढावी लागतेच. तो चुरा पिवळ्या पिशवीत चालत नाही, कारण ती पिशवी जाळतात आणि पाऱ्याचा विषारी धूर होतो. मोरीत ओतला तर पाण्यात विष. म्हणून मावशी तो एका जाड बरणीत पाण्याखाली ठेवत, झाकण घट्ट लावून. वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: 'पारा. उघडू नये.' आणि खाली पहिला चुरा टाकला ती तारीख.

त्या तारखेनेच घात केला. तपासणीचे साहेब आले, पिशव्या बघून खूश झाले, मग खालच्या कपाटात वाकले. "अकरा वर्षं? एका वर्षाच्या वर ठेवता येत नाही हे!" दुसऱ्या दवाखान्यांत दरवर्षी चिठ्ठी बदलतात, हे मावशींना काय ठाऊक नव्हतं? पण खोटी तारीख लिहायला हात धजला नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! पंधरा दिवसांत बरणी रीतसर दिल्याची पावती दाखवा, नाहीतर दवाखान्याला टाळं, असं लिहून साहेब गेले.

मावशींनी आधी कचऱ्याच्या गाडीवाल्याला विचारलं. "पारा आमच्यात येत नाही." गाडीवाल्याच्या ऑफिसात विचारलं, तर त्यांनी पारा घेणाऱ्या एका कारखान्याचा नंबर दिला. कारखाना म्हणाला, "पन्नास किलोच्या खाली आमची गाडी निघत नाही." मावशींची बरणी जेमतेम तीन किलो.

"मग मी घेऊन येते ना!"

"पारा नेण्याचा परवाना आहे तुमच्याकडे?"

शेवटी त्यांनी साहेबांनाच फोन लावला. "नियम मी केलेला नाही, बाई," ते म्हणाले, आणि आवाजावरून त्यांनाही वाईट वाटत असावं. ठेवू नका, टाकू नका, नेऊ नका. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! असे चौदा दिवस गेले. मावशींना घास गोड लागेना. सगळं नियमाप्रमाणे करून आपणच चोर कसे ठरलो, हे त्यांना कळत नव्हतं.

चौदाव्या दिवशी शेवटचा पेशंट गेल्यावर डॉक्टरांनी दार लावून घेतलं.

"मावशी, उद्या साहेब यायच्या आत बरणी इथून गेली पाहिजे. सांगू, कारखान्याचा माणूस येऊन घेऊन गेला, पावती मागाहून येईल."

"मोरीत नाही ओतणार मी."

"ओता कोण म्हणतंय? तुम्ही घरी न्या. थोडे दिवस."

"तुमचं घर मोठं आहे, डॉक्टर. तुम्हीच न्या की."

"माझ्या घरी लहान मुलं आहेत, मावशी," डॉक्टर अगदी सहज म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तेच तर लागलं.

मावशींच्या घरी दीड वर्षाची नात होती. तिच्या बारशाला हेच डॉक्टर जेवून गेले होते. पण दवाखान्याला टाळं लागलं तर या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? मुलगा कामाच्या शोधात, सून घरी. त्यांनी बरणी दोन पिशव्यांत गुंडाळली आणि पोटाशी धरून घरी आणली.

दोन खोल्यांचं घर. पलंगाखाली नात लपायची. ओट्याखाली तिचा भातुकलीचा संसार. कपाटाला कुलूप नव्हतं. उरली भिंतीवरची फळी, तर खुर्ची सरकवून तिच्यावर चढायला ती याच आठवड्यात शिकली होती आणि घरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"आई, काय आणलंत?" सुनेने विचारलं.

"कामावरचं आहे."

नात धावत आली, दोन्ही हात वर करून. मावशींना तिला उचलून घेता येईना. बरणी खाली ठेवायची कुठे?